केमिकल प्लांटमध्ये नव्यानं लागलात? मोबाईलचं आधी ठरवा

तारापूर, तळोजा, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे, कुरकुंभ. यातल्या कुठल्याही एमआयडीसीत दर वर्षी नवी पोरं केमिकल कंपनीत लागतात. कोणी आयटीआयमधून एओसीपी (केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड) केलेलं असतं, कोणी डिप्लोमा, कोणी बीएस्सी. पहिल्या दिवशी इंडक्शन होतं आणि त्यात मोबाईलबद्दल एकच वाक्य येतं: ‘प्लांटमध्ये मोबाईल अलाउड नाही.’ का नाही, कुठपर्यंत नाही, बंद करून खिशात ठेवला तर चालेल का, घरून फोन आला तर काय करायचं, हे कोणी बसून सांगत नाही. मग नवा मुलगा जुन्यांकडे बघून शिकतो आणि जुन्यांपैकीच एखादा सॉक्समध्ये फोन घालून आत येत असतो.

म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की फोन वाजतो की नाही, चालू आहे की बंद, याला फारसा अर्थ नाही. तो कुठे आहे एवढंच बघायचं. सॉल्व्हंट (टोल्युइन, ॲसिटोनसारखे पेट घेणारे द्रावक) हाताळलं जातं त्या हद्दीच्या बाहेर तो असला, की बहुतेक प्रश्न तिथेच मिटतात.

घरातून निघण्याआधी

फोन आत नेण्याचं खरं कारण बहुतेकांच्या बाबतीत रील्स किंवा क्रिकेटचा स्कोअर हे नसतं. आई आजारी असते, बायकोचे दिवस भरत आलेले असतात, गावाकडे कोणीतरी दवाखान्यात असतं. आठ तास आपला पत्ता नसला आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर, ही धास्ती असते. त्यामुळे पहिलं काम गेटवरचं नाही, घरातलं आहे.

रुजू झाल्याच्या दिवशीच टाइम ऑफिसमधून किंवा सिक्युरिटीकडून तीन गोष्टी लिहून घ्या: गेटचा लँडलाइन नंबर, शिफ्ट ऑफिसचं एक्स्टेंशन आणि तुमच्या डिपार्टमेंटचं कंपनीत चालणारं नाव. घरी तो कागद फ्रिजवर नाहीतर देवघराशेजारी चिकटवा आणि घरच्यांना एकदा प्रत्यक्ष फोन लावून बघायला सांगा. ‘अमुक प्लांटमधल्या अमुकला निरोप द्या’ एवढं वाक्य त्यांना नीट बोलता आलं पाहिजे. रात्रपाळीत गेटवर कोण फोन उचलतं, निरोप आत कसा पोचतो, हेही सिक्युरिटीला विचारून ठेवा. हे झालं की फोन लॉकरमध्ये टाकताना जीव खालीवर होत नाही. ज्या कंपन्यांत निरोप नीट पोचतो, तिथे लपवून फोन नेण्याचं प्रमाण आपोआप कमी होतं, हे मी पाहिलेलं आहे. आणि तुमच्या कंपनीत पोचत नसेल, तर सेफ्टी कमिटीच्या बैठकीत तो मुद्दा मांडा. तो सेफ्टीचाच मुद्दा आहे.

गेटवर काय काय जमा करायचं

फोन तर करायचाच. त्याच्याबरोबर स्मार्टवॉच, फिटनेस बँड, ब्लूटूथ इअरबड्स, पॉवर बँक, बाईकची रिमोटवाली चावी, लायटर. नव्या मुलांचा फोन जमा होतो आणि मनगटावरचं घड्याळ तसंच राहतं, कारण ते घड्याळ वाटतं. पण त्यात फोनसारखीच लिथियमची बॅटरी असते. तुम्ही कानात श्रवणयंत्र लावत असाल किंवा दुसरं एखादं वैद्यकीय उपकरण वापरत असाल, तर ते गुपचूप आत नेऊ नका आणि गुपचूप काढूनही ठेवू नका. कंपनीच्या डॉक्टरांना आणि सेफ्टी ऑफिसरना आधी सांगा. तुम्हाला कुठल्या भागात काम द्यायचं ते त्यावरून ठरवता येतं.

हद्द कुठून सुरू होते

‘आत’ म्हणजे नेमकं कुठे? कंपनीच्या भिंतीच्या आत सगळीकडे धोका सारखा नसतो. प्रत्येक प्लांटचा एक नकाशा असतो, त्याला हॅझार्डस एरिया क्लासिफिकेशन ड्रॉइंग म्हणतात. तो सेफ्टी किंवा इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटकडे मिळतो. पहिल्या आठवड्यातच मागून बघा. ट्रेनीनं तो मागितला म्हणून कोणी रागावत नाही, उलट लक्षात ठेवतात.

नकाशावर तीन झोन दिसतील. जिथे पेटणारी वाफ सतत किंवा बराच काळ असते तो झोन ०, म्हणजे सॉल्व्हंटच्या टाकीच्या आतली, द्रवाच्या वरची मोकळी जागा. नेहमीच्या कामातच जिथे वाफ येण्याची शक्यता असते तो झोन १. रिअ‍ॅक्टरच्या मॅनहोलभोवतालचा (माल टाकायच्या झाकणाभोवतालचा) भाग, ड्रम भरण्याची जागा, टाकीच्या व्हेंटचं तोंड असे भाग बहुधा यात येतात. एरवी वाफ नसते, पण एखादं गॅस्केट गेलं, सील गळलं तर थोडा वेळ येऊ शकते, तो झोन २. पावडर हाताळणाऱ्या भागांना असेच २०, २१, २२ असे आकडे असतात, कारण बारीक पावडरचा हवेत उडालेला ढगही पेटतो. मिलिंग आणि ड्रायरच्या खोलीत काम करणाऱ्यांना हे सांगायचं राहून जातं.

झोनची रेषा जमिनीवर रंगवलेली असेलच असं नाही. म्हणून नकाशा हातात घेऊन एकदा सीनियर ऑपरेटरबरोबर प्लांटभर फिरा. एक गोष्ट तिथेच लक्षात घ्या. टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते, हेक्झेनची साधारण तिप्पट. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरकते, गटारात उतरते, पंपाच्या खड्ड्यात, केबल ट्रेंचमध्ये साचून बसते. मॅनहोल तिसऱ्या मजल्यावर आहे आणि आपण तळमजल्यावर खड्ड्याशेजारी उभे आहोत म्हणून सुटलो, असं होत नाही.

कोकणात किंवा पुणे-सोलापूर पट्ट्यात काम करणाऱ्यांनी तापमानाचाही हिशोब ठेवावा. द्रवाचा फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला त्याच्यावर पेटण्याइतकी वाफ जमते ते तापमान. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, मेथेनॉलचा ११, ॲसिटोनचा तर उणे २० च्या जवळपास. आपल्याकडे महाडला किंवा कुरकुंभला जानेवारीच्या दुपारीही हवा याच्या कितीतरी वर असते. म्हणजे उघड्या ड्रमच्या तोंडाशी पेटण्याजोगी वाफ बाराही महिने असते. २००२ च्या पेट्रोलियम नियमांत २३ अंशांच्या खाली फ्लॅश पॉइंट असलेल्या द्रवांना ‘अ’ वर्गात टाकलं आहे, ते याच कारणानं.

फोनमध्ये धोका नेमका कशात आहे

इथे थोडं थांबून नीट समजून घ्या, कारण कारण पटलं नाही तर नियम पाळला जात नाही.

‘मोबाईलच्या लहरींनी स्फोट होतो’ असं बरेच जण सांगतात. नवा मुलगा त्यावर म्हणतो, ‘पण पेट्रोल पंपावर आम्ही क्यूआर कोड स्कॅन करूनच पैसे देतो, काही होत नाही.’ त्याचं म्हणणं लहरींपुरतं बरोबर आहे. स्फोटक वातावरणातल्या उपकरणांसाठी आयईसी ६००७९ ही मानकांची मालिका आहे. तिच्यात हायड्रोजनसारख्या सगळ्यांत लवकर पेटणाऱ्या गटासाठीसुद्धा रेडिओ लहरींच्या शक्तीची मर्यादा २ वॅट धरली आहे, आणि ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास शक्तीनं बोलतो. लहरींनी आग लागेल ही शक्यता फारच कमी. पंपावरच्या ज्या आगींचं खापर मोबाईलवर फुटलं, त्यांतही चौकशीअंती बोट बऱ्याचदा अंगावरच्या स्थिर विजेकडे गेलेलं आहे.

धोका दुसरीकडे आहे. टोल्युइनची हवेत मिसळलेली वाफ पेटायला साधारण ०.२४ मिलीजूल इतकी ठिणगी पुरते. हायड्रोजनला ०.०२ मिलीजूलच्या आतबाहेर. थंडीत लोखंडी कपाटाला हात लावल्यावर जो चटका बसतो, तो आपल्याला जाणवायलाच १ मिलीजूलच्या आसपास ऊर्जा लागते. म्हणजे टोल्युइन पेटवणारी ठिणगी आपल्याला दिसणारही नाही, बोटाला कळणारही नाही. आता फोनकडे बघा. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा भरलेली असते, म्हणजे ६८ हजार जूलहून जास्त. ती सगळी एकदम बाहेर येत नाही, पण फोन हातातून निसटून लोखंडी जाळीवर आपटला आणि आत शॉर्ट झाला, चार्जिंगच्या पोर्टमध्ये ओल आणि धूळ गेली, बॅटरी फुगलेली असली किंवा स्वस्तातली बदलून घेतलेली असली, तर तिच्यातला अगदी नगण्य अंशही पुरतो. काही फोनमध्ये कंपनासाठी जी चिमुकली मोटर असते, तिच्या ब्रशपाशीही ठिणगी पडू शकते. साधा फोन बनवणाऱ्यानं यातलं काहीच वाफेच्या वातावरणात तपासलेलं नसतं, कारण तो त्यासाठी बनवलेलाच नाही.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, एरोप्लेन मोड इथे कामाचा नाही. तो लहरी थांबवतो, बॅटरी तशीच राहते. दोन, फोन बंद करून खिशात ठेवणंही पुरेसं नाही. बंद फोन पडला तरी फुटतोच, आणि काही फोन अलार्मच्या वेळेला आपणहून चालू होतात.

पंपाच्या तुलनेबद्दलही सांगतो. पंप उघड्यावर असतो, वाफ नोझलपाशी क्षणभर येते आणि वाऱ्यानं पातळ होते. प्लांटमध्ये छताखाली मॅनहोल उघडा असतो, एकामागून एक ड्रम ओतले जात असतात, आणि हवेत टोल्युइन १.१ टक्क्यापासून ७.१ टक्क्यांपर्यंत कितीही असलं तरी ते पेटू शकतं. ही दोन ठिकाणं एका मापानं मोजू नका. आणि पंपावरही ‘मोबाईल वापरू नका’ हा बोर्ड आहेच, तो पाळा.

फोन काढायचा मोह होतो त्या जागा

रात्रपाळी, पहाटेचे तीन. रिअ‍ॅक्टरमध्ये माल भरून झाला आहे, मॅनहोल उघडा आहे, आणि आत पावडर नीट विरघळली की गोळे राहिले ते बघायचं आहे. एफएलपी (ज्वालारोधक) हँडलॅम्प दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी नेलेला. अशा वेळी माणूस वाकतो आणि खिशातल्या फोनचा टॉर्च लावतो. प्लांटमधला सगळ्यांत वाईट क्षण हाच. डोकं, हात आणि फोन तिन्ही वाफेच्या तोंडावर, आणि शर्टाच्या वरच्या खिशातली वस्तू वाकल्यावर आत पडायची शक्यता पुरेपूर. ज्वालारोधक टॉर्च शिफ्टच्या सुरुवातीलाच हातात घ्यायचा, त्याची बॅटरी बघून घ्यायची आणि शिफ्टचा चार्ज घेताना लॉगबुकात नोंदवायचा. टॉर्च नसेल तर मॅनहोल उघडायचा नाही. साइट ग्लास (आत बघायची काच) आणि त्याचा दिवा असेल तर बहुतेक वेळा उघडायची गरजही पडत नाही.

दुसरा मोह फोटोचा. फ्लँजमधून (पाइपच्या जोडातून) थेंब गळताना दिसतो, मेंटेनन्सवाला म्हणतो ‘फोटो पाठव, बघतो’. पाठवू नका. त्याला जागेवर बोलवा, लाइनचा टॅग नंबर सांगा, लॉगबुकात छोटं चित्र काढून दाखवा. खरंच फोटो हवा असेल तर बऱ्याच कंपन्यांत साध्या कॅमेऱ्याला हॉट वर्क परमिट लागतं. म्हणजे आधी गॅस टेस्ट होते, मीटरवर एलईएल (हवेतल्या पेटणाऱ्या वाफेचं प्रमाण) शून्य आलं तरच परवानगी, आणि काम चालू असेपर्यंत मीटर तिथेच चालू ठेवावा लागतो. वेल्डिंगला जेवढी तयारी करतो तेवढीच. परमिटवर सही कोणाची लागते हे विचारून ठेवा, आणि तोंडी ‘काढ रे, मी आहे ना’ यावर कधीही जाऊ नका.

टँकर अनलोडिंग

टँकरजवळ नव्या मुलाला हमखास उभं केलं जातं, आणि तिथे फोन तुमचा नसतो, ड्रायव्हरचा असतो. ड्रायव्हर गुजरातमधून नाहीतर जेएनपीटीवरून रात्रभर गाडी चालवून आलेला. केबिनमध्ये फोन चार्जिंगला, शेजारी पॉवर बँक, आणि तो झोपलेला. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. क्रम असा ठेवा.

गाडी जागेवर लागली की इंजिन बंद, चाकांना लाकडी ठोकळे, किल्ली तुमच्या ताब्यात. मग ‘दादा, फोन आणि पॉवर बँक गेटवर ठेवून या, तिथेच बसा, चहा आहे’ असं सांगून त्याला बाहेर पाठवा. चार्जरची वायर केबिनमधून काढलेली आहे ना, ते स्वतः बघा. गाडीला बॅटरी आयसोलेटर असेल तर तो बंद करा. त्यानंतर अर्थिंगचा क्लॅम्प, आणि तो रंगावर नाही, उघड्या लोखंडावर. मगच होज जोडायची. काम संपल्यावर उलटा क्रम: आधी होज सोडायची, क्लॅम्प शेवटी. सँपल काढायचं असेल तर टाकीतला द्रव स्थिरावायला आणि स्थिर विजेचा चार्ज उतरायला तुमच्या एसओपीत जेवढी मिनिटं लिहिली आहेत तेवढी थांबा. सँपलसाठी प्लास्टिकची बादली वापरू नका.

ड्रायव्हर ऐकत नसेल तर वाद न घालता वाल्व बंद ठेवा आणि शिफ्ट इन्चार्जला बोलवा. उशिराचा जबाब इन्चार्ज देईल. तुमची जबाबदारी वाल्वची.

कंपनीनं दिलेला फोन

काही कंपन्यांत फील्ड ऑपरेटरला स्फोटक वातावरणासाठी खास बनवलेला फोन किंवा वॉकी-टॉकी मिळतो. तो महाग असतो, पण महाग आहे म्हणून सगळीकडे चालतो असं नाही. मागच्या प्लेटवर कोरलेलं वाचायला शिका. उदाहरणार्थ ‘ईएक्स आयबी टू-सी टी४ जीबी’ (Ex ib IIC T4 Gb). ईएक्स म्हणजे स्फोटक वातावरणासाठी बनवलेला. आयबी हा संरक्षणाचा प्रकार, आत ऊर्जाच इतकी कमी ठेवलेली की बिघाड झाला तरी पेटवणारी ठिणगी तयार होऊ नये. टू-सी हा वायूचा गट: टू-एमध्ये टोल्युइन, ॲसिटोन, मेथेनॉलसारखी सॉल्व्हंट्स, टू-बीमध्ये इथिलीन, टू-सीमध्ये हायड्रोजन आणि ॲसिटिलीन. टू-सीचा फोन टू-एमध्ये चालतो, टू-एचा फोन हायड्रोजनेशन प्लांटमध्ये चालत नाही. टी४ म्हणजे त्याचा कुठलाही भाग १३५ अंशांच्या वर तापणार नाही. जीबी म्हणजे झोन १ आणि २ साठी. झोन ० साठी जीए लागतं. नुसतं जीसी असेल तर तो फोन झोन २ च्या पुढे न्यायचा नाही.

आपल्या देशात अशा उपकरणांना मान्यता देणारी संस्था म्हणजे पेसो, पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना. तिचं मुख्यालय नागपूरला आहे. कंपनीच्या फोनचं पेसोचं मान्यतापत्र इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटकडे असतं.

वापरताना एवढं सांभाळा. चार्जिंग नेहमी झोनच्या बाहेर. पोर्टवरचं रबरी झाकण बसलेलं हवं. काच तडकली, झाकण हरवलं, स्क्रू सैल झाला, की तो फोन त्या क्षणापासून साधा फोन झाला, स्टोअरला परत करा. बाजारातलं कव्हर चढवू नका. बाजारात ‘रगेड’, ‘वॉटरप्रूफ’, ‘मिलिटरी ग्रेड’ म्हणून जे फोन मिळतात ते पडण्यासाठी आणि पाण्यासाठी असतात. वाफेशी त्यांचा काही संबंध नाही.

चुकून फोन आत आला तर

जॅकेट बदललं, घाईत लक्षात राहिलं नाही, आणि झोन १ मध्ये उभे असताना खिशात फोन हाताला लागला. किंवा तो वाजला. अशा वेळी हात आपोआप तो काढून बंद करायला जातो. तेच करायचं नाही. खिशातून काढू नका, बटण दाबू नका, कोणाच्या हातात देऊ नका. हातातलं काम सुरक्षित जागी थांबवा, शेजारच्याला सांगा आणि न धावता, वाऱ्याच्या उलट दिशेनं, झोनच्या बाहेर चालत या. विंड सॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) कुठे आहे हे त्यासाठीच रोज आत येताना बघायचं. बाहेर आल्यावर इन्चार्जला सांगा आणि नियर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) म्हणून नोंद करा.

नोंद करायला नवी मुलं घाबरतात, मेमो मिळेल म्हणून. काही ठिकाणी मिळतोही. तरी करा. मी सेफ्टीच्या लोकांनाही नेहमी सांगतो, की आपणहून सांगणाऱ्याला शिक्षा केली तर पुढच्या वेळी फोन सॉक्समध्ये जाईल, आणि तो कोणालाच दिसणार नाही.

कंट्रोल रूम, पॅनेल आणि लॅब

डीसीएस (कॉम्प्युटरवरून प्लांट चालवायची सिस्टिम) कंट्रोल रूम बहुतेक ठिकाणी झोनच्या बाहेर असते, त्यामुळे तिथे फोन चालतो असं लोक धरून चालतात. तुमच्या कंपनीचा नियम विचारा. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी: ऑपरेटरच्या कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टला फोन चार्जिंगला लावायचा नाही. फोन म्हणजे पेन ड्राइव्हच असतो. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा व्हायरस औद्योगिक कंट्रोल सिस्टिमपर्यंत यूएसबीवरूनच पसरला होता, आणि त्या सिस्टिमना इंटरनेटही जोडलेलं नव्हतं. रिअ‍ॅक्टरचं तापमान ज्या पडद्यावर बघता, त्याच्यात नको ते शिरू देऊ नका.

इन्स्ट्रुमेंट पॅनेलचं दार उघडं असताना त्याच्यासमोर वॉकी-टॉकीचं बटण दाबू नका. बंद दार लहरी अडवतं. दार उघडं असलं की ट्रान्समीटरचं रीडिंग उडू शकतं, इंटरलॉक (धोका दिसला की प्लांट आपोआप थांबवणारी व्यवस्था) नको तेव्हा ट्रिप होऊ शकतो. दोनतीन मीटर मागे सरकून बोला.

क्यूसी लॅबमध्ये चौथ्या दशांशापर्यंत वजन दाखवणारी बॅलन्स असते. तिच्या टेबलावर कंपन करणारा फोन ठेवला की आकडा स्थिर होत नाही, आणि मग दोष केमिस्टवर येतो. शिवाय लॅबमध्येही सॉल्व्हंट असतंच. औषधाच्या प्लांटमध्ये आणखी एक बंधन: बॅचची रीडिंग फोनमध्ये टिपून ठेवून नंतर बीएमआरमध्ये (बॅचच्या अधिकृत नोंदीत) उतरवायची नाहीत. ती त्याच वेळी, त्याच कागदावर, पेनानं लिहायची. ऑडिटमध्ये अशी ‘खाजगी नोंद’ सापडली तर बॅच चांगली असूनही तिच्यावर प्रश्न उभा राहतो.

आणि फोटो. पहिल्या नोकरीचा, हेल्मेट घातलेला फोटो घरी पाठवावासा वाटतो, त्यात काही गैर नाही. तो गेटच्या बाहेर, कंपनीच्या बोर्डाजवळ काढा, तोही सिक्युरिटीला विचारून. आत काढलेल्या फोटोत मागे बॅचशीट, लाइनिंग, ड्रमवरचं लेबल येतं, आणि ते कोणाकोणाच्या ग्रुपवर फिरेल ते तुमच्या हातात राहत नाही.

सायरन वाजला तर

गळती झाली, वास आला, सायरन वाजला, की सवयीनं फोनची आठवण होते: कोणाला तरी कळवू, नाहीतर व्हिडिओ काढू. आत असताना जवळचं काचेचं मॅन्युअल कॉल पॉइंट दाबा, ओरडून सांगा, पीए सिस्टिम असेल तर तिच्यावर. वाऱ्याला आडव्या दिशेनं बाहेर पडा आणि असेंब्ली पॉइंटला, म्हणजे सगळ्यांनी जमायच्या जागी जा. लॉकर रूममध्ये फोन आणायला परत फिरू नका. असेंब्ली पॉइंटवर तुमची हजेरी घेतली जाते, आणि एक माणूस कमी दिसला तर त्याला शोधायला दुसऱ्याला आत जावं लागतं. फायर ब्रिगेडला १०१ वर किंवा ११२ वर कोणी कळवायचं हे आधीच ठरलेलं असतं, एकाच घटनेचे दहा फोन गेले तर गोंधळ वाढतो. असेंब्ली पॉइंटवर फोन हातात असला तरी घरच्यांना फक्त ‘मी बाहेर आहे, ठीक आहे’ एवढं कळवा. कुठलं केमिकल, किती जण आत, हे तुम्ही सांगायचं नाही. अर्धवट माहिती गावात पोचली की लोक गेटवर गर्दी करतात आणि ॲम्ब्युलन्स अडकते.

शिफ्ट सुटल्यावर

ग्लोव्हज काढून, हात कोपरापर्यंत धुऊन, शक्य असेल तर आंघोळ करून मगच लॉकर उघडा. प्लांटमधल्या हातानं फोन धरला तर हाताला लागलेलं तुमच्याबरोबर घरी येतं, आणि घरी तो फोन मूल तोंडाला लावतं. मेथेनॉल, फिनॉलसारखी काही द्रव्यं त्वचेतूनही आत जातात, त्यामुळे यात आळस नको.

लॉकरमध्ये फोन चार्जिंगला लावून ठेवू नका. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमधला लोखंडी लॉकर चांगलाच तापतो आणि जुनी बॅटरी तिथेच फुगायला लागते. मागचं झाकण वर आलेलं दिसलं तर तो फोन परत आत कोंबू नका. तो वापरणं बंद करा, उघड्यावर, जळण्याजोग्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि सिक्युरिटीला दाखवून दुरुस्तीला द्या. कंपनीत फोन ठेवायला हवेशीर, नंबर टाकलेले कप्पे नसतील, तर एक लेखी मागणी सेफ्टी ऑफिसरकडे देऊन ठेवा आणि तिची प्रत स्वतःजवळ ठेवा.